शिवनेरीचा बंदी आणि शनिवारवाड्याचा पेशवा : ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ या शोकांतिकेतील विनाशाच्या कारणाचा विचार

प्रस्तावना

शोकांतिकेचा अभ्यास कोणत्याही मार्गाने सुरू केला, तरी अभ्यासक अखेरीस एका प्रश्नापाशी येऊन थांबतो : नायकाचा विनाश कशामुळे झाला? ॲरिस्टॉटलने या प्रश्नाचे उत्तर नायकाच्या हातून घडणाऱ्या प्रमादात शोधले. हेगेलने ते दोन न्याय्य बाजूंच्या संघर्षात पाहिले. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरविषयक व्याख्यानांत स्वभावातून उद्भवणारी कृती आणि त्या कृतीतून ओढवणारा नाश अशी साखळी मांडली. आपल्याकडील महाविद्यालयीन अध्यापनात ब्रॅडलीप्रणीत उत्तर इतके रुळले आहे, की ‘नायकाचा स्वभावदोष सांगा’ हा प्रश्न उत्तरपत्रिकांच्या अंगवळणी पडलेला आहे. मात्र नाटक ऐतिहासिक असेल तर या प्रश्नाला दुसरी बाजू येते. रंगभूमीवर जो नायक मरतो तो इतिहासातही मेलेला असतो, आणि त्याच्या मृत्यूचे कारण केवळ नाटककाराच्या स्वाधीन राहत नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ हे नाटक या दृष्टीने फार बोलके आहे. नाटकाचा शेवट पुण्याच्या शनिवारवाड्यात होतो. परंतु प्रत्यक्ष इतिहासात त्या शेवटाचा एक धागा थेट जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यापर्यंत पोहोचतो. जुन्नर-आंबेगाव परिसरात शिवनेरी म्हटले की छत्रपती शिवाजी महाराजांचा १६३० मधील जन्म आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. याच किल्ल्यावर सुमारे एकशे पासष्ट वर्षांनंतर एक विशीतला कैदी बसला होता आणि त्याच्या पत्रांनी पेशवाईच्या अखेरच्या पर्वाला वळण दिले, ही गोष्ट मात्र स्थानिक स्मृतीतून बरीचशी पुसली गेली आहे. त्या कैद्याकडून शनिवारवाड्याकडे पाहिले असता या शोकांतिकेचे कारण कसे दिसते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाटक आणि त्याची घडण

हे खाडिलकरांचे पहिले नाटक. ते त्यांनी १८९३ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या आसपास लिहिले. योगायोग असा की सवाई माधवराव वारले तेव्हा त्यांचे वयही एकवीसच होते. त्या काळातील सुशिक्षित मराठी तरुणाच्या मनावर शेक्सपिअरचा ठसा किती खोल होता हे वेगळे सांगावयास नको. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ मध्ये आला होता. आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चे रूपांतर १८८३ चे, तर देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा. गणपतराव जोशी यांच्या हॅम्लेटने शाहूनगरवासी मंडळीच्या प्रेक्षकांना झपाटून टाकले होते. अशा वातावरणात खाडिलकरांनी पेशवाईतील एका खऱ्या मृत्यूला शेक्सपिअरच्या साच्यात बसविले. नायकाच्या मनाची घालमेल ‘हॅम्लेट’च्या वळणाची, आणि त्या मनात संशयाचे विष कालविणारा केशवशास्त्री इयागोच्या वळणाचा, हे समीक्षकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे.

ऐतिहासिक नाटकाची वाट मराठीत तोवर मळलेली होती. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. त्यांचेच बंधू नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी पुढे काही वर्षांतच ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर टीका करणारा निबंध लिहून मराठी इतिहाससंशोधनाला तोंड फोडले. एका भावाने पेशव्यांना रंगभूमीवर आणले आणि दुसऱ्याने पेशव्यांच्या इतिहासकाराला जाब विचारला. नाटक आणि इतिहास यांचे असे एकाच घरात नांदणे आपल्या वाङ्मयेतिहासात जेवढे लक्षात घ्यावयास हवे तेवढे घेतले गेलेले नाही.

कीर्तन्यांच्या नाटकातील माधवराव क्षयाने जातात. रोगाला खलपात्राची गरज नसते. खाडिलकरांपुढील अडचण निराळी होती. त्यांच्या नायकाचा मृत्यू वाड्याच्या गच्चीवरून पडून झाला होता, आणि असा मृत्यू प्रेक्षक विनाकारण स्वीकारीत नाहीत. त्याला कारण हवे, आणि ते रंगमंचावर वावरणारे हवे. केशवशास्त्री त्या गरजेतून जन्मला. नाना फडणिसांनाच खलनायक करणे अधिक सोपे होते. तो मोह तरुण नाटककाराने टाळला, ही या नाटकाची मोठी जमेची बाजू मानली पाहिजे. परंतु केशवशास्त्र्याच्या आगमनाबरोबर एक गोष्ट हातची गेली. विनाशाचे बीज वाड्याच्या भिंतींच्या आत, एका कपटी माणसाच्या जिभेवर येऊन बसले. इतिहासात ते नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर दूर, किल्ल्यावर होते. आणि तेथून आले ते कपट म्हणून नव्हे, तर स्नेह म्हणून.

जुन्नरचा तुरुंग

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्या वधाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला. तेच सवाई माधवराव. त्यानंतर साधारण नऊ महिन्यांनी, १० जानेवारी १७७५ रोजी, धार येथे रघुनाथरावांना मुलगा झाला. तो दुसरा बाजीराव. नात्याने बाजीराव हा माधवरावांचा चुलता, वयाने मात्र धाकटा. एकाच्या बापाचा खून झाला होता आणि दुसऱ्याच्या बापावर त्या खुनाचा डाग होता.

रघुनाथरावांनी इंग्रजांशी १७७५ मध्ये सुरत येथे तह केला. त्यातून उद्भवलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले, आणि पुढे थोड्याच काळात रघुनाथराव कोपरगाव येथे वारले. त्यांचे कुटुंब आधी कोपरगावी व नंतर नाशिकजवळच्या आनंदवल्ली येथे नजरकैदेत राहिले. १७९४ मध्ये आनंदीबाई वारल्या. त्याच वर्षी निजामाशी युद्धाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा रघुनाथरावांचा दत्तक पुत्र अमृतराव, बाजीराव आणि धाकटा चिमाजी या तिघांना शिवनेरीवर हलविण्यात आले. युद्धाच्या काळात हे तीन मुलगे कोणाच्या हाती पडू नयेत, हा त्यामागील हेतू उघड होता.

सिंहासनाचे वारस डोंगरावर कोंडून ठेवण्याची रीत जुन्नरला नवी नव्हती. याच तालुक्यातील चावंड किल्ल्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस बालवयीन बहादूर निजामशहाला ठेवले होते, आणि तेथूनच त्याला अहमदनगरच्या गादीसाठी बाहेर काढावे लागले. किल्ल्यावर ठेवलेला कैदी हा एका परीने राखून ठेवलेला राजाही असतो. गरज पडली की त्याच दरवाजातून त्याला खाली आणता येते. शिवनेरीच्या सात दरवाजांच्या वाटेवर आज जाणारे अभ्यासक जन्मस्थळ, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी पाहतात. बाजीरावाच्या कैदेची खूण तेथे कोणी शोधीत नाही.

पत्रे

पुढील हकीकत मुख्यतः ग्रँट डफने दिली आहे. त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे घटनेनंतर एका पिढीने. साताऱ्यात असताना त्याला जुने लोक भेटले, कागद मिळाले. त्याचे पूर्वग्रह लक्षात घेऊनही ही हकीकत टाकून देता येत नाही, कारण तिच्यातील माणसे आणि त्यांचे हेतू परस्परांशी जुळतात.

बाजीराव देखणा, घोड्यावर बसण्यात आणि तिरंदाजीत तरबेज, शास्त्रे शिकलेला, गोड बोलणारा, अशी त्याची कीर्ती पुण्यात पोहोचली. माधवरावांना ती ऐकून कुतूहल वाटले, मग ओढ वाटली. रघुनाथरावांच्या घराण्यापासून सावध राहण्याचा नानांचा उपदेश उपयोगी पडला नाही. बाजीरावाच्या पहाऱ्यावरील एक अधिकारी बळवंतराव नागनाथ याच्यामार्फत शिवनेरीवरून निरोप गेला. तुम्ही पुण्यात आणि मी जुन्नरात, दोघेही कैदीच आहोत. तरी मने मोकळी आहेत, अशा आशयाचा तो मजकूर होता. पूर्वजांनी केलेले पराक्रम आपणही मिळून करू, अशी उमेदही त्यात होती.

हा निरोप ज्या वाटेने गेला असेल ती वाट या भागातील वाचकांच्या रोजच्या परिचयाची आहे. जुन्नरहून नारायणगावी मीना, पुढे कळंबजवळ घोड, मंचर ओलांडून खेडला भीमा, मग इंद्रायणी आणि पुणे. एवढे अंतर तोडून आलेल्या त्या कागदातील ‘दोघेही कैदी’ हे विधान माधवरावांच्या वर्मी लागले असले पाहिजे. त्यांच्या भोवती ऐश्वर्य काही कमी नव्हते. त्यांच्यासाठी पर्वतीच्या पायथ्याशी प्राण्यांचा संग्रह होता, वाड्यात कारंजी होती. महादजी शिंद्यांनी १७९२ मध्ये दिल्लीहून आणलेली वस्त्रे आणि वकील-इ-मुतलकीची सनद त्यांना मोठ्या दरबारात अर्पण झाली होती. महादजींच्या मोकळ्या वागण्याने तरुण पेशव्याला काही काळ वेगळी हवा मिळाली. पण १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीस वारले. त्यानंतर नानांच्या शब्दाबाहेरचा एकही वडीलधारा माणूस त्यांच्यापाशी उरला नाही.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला. विजयोत्सवाच्या वेळी माधवरावांचा चेहरा उतरलेला पाहून नानांनी कारण विचारले, तेव्हा फारसे न लढता मिळालेल्या जयाचा एवढा डांगोरा आणि शत्रूची एवढी नामुष्की या दोन्हींत आपल्याला ऱ्हासच दिसतो, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे ग्रँट डफ सांगतो. खाडिलकरांना हॅम्लेट बाहेरून आणावा लागला नाही, असे हा प्रसंग वाचताना वाटते.

पत्रव्यवहार नानांच्या कानी गेला. बळवंतरावाला बेड्या घालून किल्ल्यावर पाठविण्यात आले. शिवनेरीवरचा पहारा कडक झाला. पेशव्यांची कडक शब्दांत कानउघाडणी झाली. राज्याचा धनी आपल्याच नातलगाला पत्र लिहितो आणि त्याबद्दल त्याचा कारभारी त्याला बोलतो, या प्रसंगातील विपरीतता नाटकातल्या कोणत्याही स्वगतापेक्षा अधिक बोलकी आहे. त्यानंतर माधवराव आपल्या दालनातून बाहेर पडेनासे झाले. २२ ऑक्टोबरला दसऱ्याच्या स्वारीत आणि संध्याकाळच्या दरबारात ते दिसले. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी ते वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालच्या कारंज्यावर पडले आणि २७ ऑक्टोबरला वारले. आपल्यामागे बाजीरावाला गादीवर बसवावे, अशी इच्छा त्यांनी त्या दोन दिवसांत बोलून दाखविल्याचे ग्रँट डफने लिहिले आहे.

उडी की तोल?

ग्रँट डफच्या मते त्यांनी स्वतःला झोकून दिले. गोविंद सखाराम सरदेसाई तापाच्या भरात आलेल्या भ्रमाला अधिक महत्त्व देतात. हा वाद येथे पुन्हा उकरण्याचे प्रयोजन नाही. शोकांतिकेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वाटते त्यापेक्षा कमी आहे. ताप आलेला असो वा नसो, त्या तरुणाच्या मनाची अवस्था आदल्या काही महिन्यांत काय झाली होती, याबद्दल दोन्ही पक्षांत फारसे अंतर नाही. नाटककाराला मात्र तोल जाणे परवडत नाही. अपघाताने मेलेला नायक प्रेक्षकांना हळहळ देईल, शोकात्म अनुभव देणार नाही. म्हणून रंगभूमीवर कार्यकारणभाव घट्ट विणावा लागतो. इतिहासकाराने या घट्ट विणीचा हेवा करू नये.

हॅम्लेट, पण सूड नको असलेला

येथे नाटकाच्या मूळ साच्याकडे पुन्हा पाहावे लागते. हॅम्लेटच्या बापाचा खून त्याच्या चुलत्याने केला. नारायणरावांचा वधही चुलत्याच्याच नावावर आहे. खाडिलकरांना हे साम्य मोहात पाडणारे वाटले असेल तर नवल नाही. पण साम्य येथेच संपते. डेन्मार्कच्या राजपुत्रापुढे सूड घेण्याची आज्ञा आहे आणि ती पाळण्यात त्याचे मन कचरते. पुण्याच्या पेशव्यापुढे अशी आज्ञा देणारे भूत नव्हते; तरी एक सबंध राज्यकारभार मात्र त्या खुनाच्या आठवणीवर उभा होता. बारभाईंची एकजूट रघुनाथरावांच्या विरोधातून जन्मली. नानांच्या अधिकाराचे मूळ ते होते, माधवरावांच्या गादीचेही तेच होते. अशा वेळी त्या मुलाने खुन्याच्या मुलाला मित्र म्हणून हाक मारली.

‘ऑथेल्लो’त रुमाल हा खोटा पुरावा असतो आणि त्यावर उभा राहिलेला संशयही खोटा असतो. जुन्नरहून आलेली पत्रे खरी होती. त्यांत माधवरावांचा अपराध म्हणावा असे काही नव्हते. नानांची भीतीही कल्पित नव्हती. केशवशास्त्र्यासारखा इयागो या घटनाक्रमात कोठे बसवावा, हे म्हणूनच कळत नाही. इयागो दोन जिवलगांत फूट पाडतो. येथे पिढीजात वैर असलेल्या दोघांत पडू पाहणारी गाठ तोडावी लागली, आणि ती तोडणारा माणूस राज्याचा हितचिंतक होता. खाडिलकरांनी मनात संशय शिरल्याची शोकांतिका लिहिली. घडली ती समेटाला जागा नसल्याची.

हा निष्कर्ष ब्रॅडलीपेक्षा हेगेलच्या जवळ जातो. माधवरावांचा स्वभाव हळवा होता, हे खरे. परंतु हळवेपणाला दोष ठरविणे म्हणजे कैद्याने तुरुंगाची सवय करून घेतली नाही म्हणून त्याला बोल लावण्यासारखे आहे.

नानांची बाजू

नाना फडणिसांविषयी बोलताना आपल्याकडे तोल राहत नाही. एका टोकाला पेशवाईचा एकमेव आधारस्तंभ, दुसऱ्या टोकाला विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधला (१९७२) विलासी नाना. आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकराचे दर्शन घेणारा भाविक मात्र तेथील शिखराशी नानांचेच नाव जोडतो. या तिन्ही प्रतिमांत शिवनेरीचा तुरुंगाधिकारी नाना कोठेच नाही.

त्यांची भीती समजून घेतली पाहिजे. रघुनाथरावांच्या पक्षाला एकदा दार उघडले तेव्हा त्यातून इंग्रज आत आले, हे त्यांनी पाहिले होते. बाजीरावाने १८०२ च्या अखेरीस वसईचा तह केला, तेव्हा नाना हयात नव्हते. पण त्यांचा अंदाज खरा ठरला, असे कोणीही म्हणेल. तरी या युक्तिवादात एक मेख आहे. कोवळ्या वयापासून नजरकैदेत वाढलेल्या, विसाव्या वर्षापर्यंत पहारेकऱ्यांची मर्जी सांभाळण्याखेरीज कोणतेही राजकारण न शिकलेल्या माणसाकडून पुढे गोड बोलणे, अविश्वास आणि चोरटा पत्रव्यवहार यांपलीकडे काय अपेक्षावे? शिवनेरीने जो बाजीराव घडविला तोच पुण्याला मिळाला.

नानांचा प्रमाद कानउघाडणीत किंवा पहाऱ्यात शोधू नये. अल्पवयीन धन्याच्या नावाने चाललेला कारभार धनी वयात आल्यावर कोणत्या दिवशी, कोणत्या रीतीने त्याच्या हाती द्यावयाचा, हे बारभाईंच्या व्यवस्थेत कधी ठरलेच नाही. थोरले माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर बसले आणि चुलत्याशी झगडून त्यांनी कारभार मिळविला; सवाई माधवरावांना एकविसाव्या वर्षीही झगडण्यासाठी समोर शत्रू नव्हता, वत्सल पालक होता. पालकाशी कसे लढावे?

शिवनेरीचा दरवाजा

पेशव्यांच्या मृत्यूनंतर नानांनी प्रथम यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्याचा घाट घातला. दौलतराव शिंद्यांचे कारभारी बाळोबा तात्या बाजीरावाशी संधान बांधू लागले, तेव्हा नानांना आपला बेत फिरवावा लागला. परशुरामभाऊ पटवर्धन जुन्नरला आले. ज्या कैद्याला पत्र लिहिल्याबद्दल पेशव्यांनी बोल ऐकले, त्यालाच आता पेशवेपदासाठी न्यावयाचे होते. अमृतरावाचा नानांच्या शब्दावर विश्वास बसेना. तेव्हा परशुरामभाऊंनी गाईचे शेपूट हातात धरून गोदावरीची शपथ वाहिली, आणि मगच बाजीराव किल्ल्यावरून खाली उतरला.

पुढील काही महिन्यांतील उलथापालथीत बाळोबा तात्या आणि परशुरामभाऊ यांनी मे १७९६ मध्ये बाजीरावाला बाजूस सारून धाकट्या चिमाजीला गादीवर बसविले. त्यासाठी त्याला यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक दिले. मृत माधवरावांचा चुलता त्यांचा मुलगा झाला. वर्ष संपण्यापूर्वी ते दत्तविधान रद्दबातल ठरले आणि डिसेंबरात बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. यशोदाबाईंना पुढे त्याने रायगडावर कैदेत ठेवले.

खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ लिहून नारायणरावांच्या वधाचा विषय हाती घेतला. म्हणजे या कथेचा शेवट त्यांनी तरुणपणी आधी लिहिला आणि आरंभ सोळा वर्षांनी. या दोन नाटकांच्या मधला जो अंक शिवनेरीवर घडला, त्याला मराठी रंगभूमीवर नाटककार मिळाला नाही. रायगडावरील यशोदाबाईंनाही नाही.